जुन्या कथेचा शेवट : सांगावा की राखावा?

कार्तिक महिना लागला की सिंधुदुर्ग जिल्ह्यात ग्रामदैवतांच्या जत्रा सुरू होतात. मालवण, वेंगुर्ले, कुडाळ, सावंतवाडी या पट्ट्यात त्या पुढे काही महिने चालतात. दिवसभर दर्शन, ओट्या, नवस. रात्री पालखीची प्रदक्षिणा. आणि त्यानंतर देवळाच्या आवारात दशावतारी नाटक. मृदंग, झांज आणि पायपेटी यांच्या साथीने गणपतीचे स्तवन होते. मग संकासुर येतो, विष्णूच्या हातून त्याचा वध होतो. हा झाला पूर्वरंग, ज्याला आडदशावतार म्हणतात. त्यानंतर मुख्य आख्यान उभे राहते आणि पहाटेच्या सुमारास दहीकाल्याने रात्र संपते. संकासुर मरणार हे पहिल्या रांगेतल्या चार वर्षांच्या मुलालाही माहीत असते. आख्यानातील राजाचे, राक्षसाचे, पतिव्रतेचे काय होणार हेही बहुतेकांना ठाऊक असते. तरीही माणसे थंडीत घोंगडी पांघरून उजाडेपर्यंत बसून राहतात.

या नाटकाला लिखित संहिता नसते. कथेचा सांगाडा तेवढा ठरलेला असतो. संवाद नट रंगमंचावर उभे राहूनच रचतात. त्यामुळे तेच आख्यान आज एका गावी आणि उद्या दुसऱ्या गावी वेगळे रंगते. प्रेक्षकाची उत्सुकता कोण जिंकणार याविषयी नसते. आजचा नट त्या प्रसंगी कोणता युक्तिवाद करील, स्त्रीपार्टी नट पदराआड कसा रडेल, संकासुर आज कोणाची फिरकी घेईल, याविषयी ती असते. कुडाळजवळच्या पिंगुळी गावी ठाकर समाजाने जपलेल्या चित्रकथीचेही असेच. चित्रांच्या पोथीतील एकेक पान उलटत रामायण-महाभारतातील प्रसंग गाऊन सांगायचे. ऐकणाऱ्याला पुढचे पान आधीच ठाऊक. ही कला टिकवून धरणारे परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. ठाऊक असलेली कथा पुन्हा सांगणे हेही मोठे काम असू शकते, याची ती पावतीच होती.

या मुलखात वाढलेल्या माणसाला अलीकडचा एक वाद त्यामुळे थोडा विचित्र वाटण्याची शक्यता आहे. चित्रपटाचा शेवट न पाहिलेल्याला सांगून टाकला की तरुण मंडळी रागावतात. त्याला त्यांनी 'स्पॉयलर' असे नाव दिले आहे. नवा चित्रपट असेल तर राग समजण्यासारखा आहे, असे घरातील वडीलधारे म्हणतात. पण तीस-चाळीस वर्षांपूर्वीच्या चित्रपटाचा शेवट सांगण्यात कसला अपराध? सूर्यास्तापूर्वी जेवणे आटोपलेली असतात, दुकान वाढवून काका घरी येतात, दूरचित्रवाणीवर एखादा जुना रहस्यपट लागलेला असतो, आणि काका चपला काढता काढताच सांगून मोकळे होतात की खुनी अमुक आहे. पुतण्या उठून आत जातो. काकांना कळत नाही की आपले काय चुकले. घराघरांत घडणारा हा प्रसंग क्षुल्लक आहे खरा. पण त्यामागचा प्रश्न तितका क्षुल्लक नाही. जे आपल्याला ठाऊक आहे ते दुसऱ्याला केव्हा सांगावे, हा तो प्रश्न आहे. आणि जैन श्रावकाचाराने त्याचा पुष्कळ बारकाईने विचार केलेला आहे.

प्रथम काकांची बाजू. त्यांच्या बाजूने केवळ दशावतार नाही, तर स्वतःची धर्मपरंपराही उभी आहे. पर्युषणात कल्पसूत्राचे वाचन होते. भगवान महावीरांच्या जन्मवाचनाच्या दिवशी उपाश्रयात पाय ठेवायला जागा नसते. पुढे काय घडणार हे तेथे कोणाला ठाऊक नाही? किंबहुना कथाच शेवट आधी सांगते. त्रिशलामातेला पडलेली स्वप्ने, श्वेतांबर परंपरेत चौदा आणि दिगंबर परंपरेत सोळा, हीच मुळी येणाऱ्या जीवाच्या थोरवीची पूर्वसूचना आहेत. चैत्र आणि आश्विन महिन्यांतील नवपद ओळीत श्रीपाळ आणि मयणासुंदरी यांची कथा वर्षातून दोनदा ऐकली जाते. कुष्ठरोगी पती सिद्धचक्राच्या आराधनेने बरा होणार हे आयंबिल करणाऱ्या प्रत्येकीला ठाऊक असते. उपाध्याय विनयविजयजी यांनी रांदेर येथे विक्रम संवत १७३८ मध्ये 'श्रीपाळ रास' रचण्यास घेतला. तो अपुरा असतानाच त्यांचा कालधर्म झाला आणि उर्वरित भाग उपाध्याय यशोविजयजींनी पूर्ण केला. एकाने सुरू केलेली कथा दुसऱ्याला पूर्ण करता आली, याचे एक कारण हे की तिचा शेवट दोघांच्याही मालकीचा नव्हता. तो सर्वांचाच होता.

रंगभूमीवरही याला पुरावा आहे. मालवणजवळच्या रेवंडीचे मच्छिंद्र कांबळी यांनी गंगाराम गवाणकरांचे 'वस्त्रहरण' १९८० मध्ये रंगमंचावर आणले आणि त्याचे पाच हजारांहून अधिक प्रयोग झाले. द्रौपदी वस्त्रहरणाची कथा सर्वांना माहीत, म्हणून तर ती बसवताना गावकऱ्यांची उडणारी तारांबळ हास्यास्पद होते. आचार्य अत्रे यांच्या 'तो मी नव्हेच' या १९६२ सालच्या नाटकात न्यायालयात उभा असलेला निपाणीचा तंबाखूचा व्यापारी लखोबा लोखंडे खरे बोलत नाही, हे प्रेक्षकाला आरंभापासून दिसत असते. लोक पुन्हा पुन्हा गेले ते फिरत्या रंगमंचावर प्रभाकर पणशीकर रूप कसे पालटतात ते पाहण्यासाठी. अत्र्यांच्याच 'श्यामची आई' या १९५३ सालच्या चित्रपटाला येणाऱ्या बहुसंख्य प्रेक्षकांनी साने गुरुजींचे पुस्तक आधी वाचलेले होते. डोळ्यांतले पाणी त्यामुळे कमी झाले नाही.

अभ्यासकांनीही हे पडताळून पाहिले आहे. अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो येथील जोनाथन लेविट आणि निकोलस ख्रिस्टनफेल्ड यांनी २०११ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. बारा लघुकथा घेऊन काही वाचकांना शेवट आधी सांगितला, काहींना सांगितला नाही. शेवट ठाऊक असलेल्यांना कथा एकंदरीत अधिकच आवडल्या, असे आढळले. शेवट कळल्यावर मन घाई करीत नाही, वाटेवरचे पाहू लागते, असा त्याचा अर्थ लावता येतो. काकांनी हे वाचले तर ते पुतण्याला कात्रण दाखवतील.

पण पुतण्याची बाजूही ऐकली पाहिजे. चारच वर्षांनी, २०१५ मध्ये, बेंजामिन जॉन्सन आणि ज्युडिथ रोझेनबॉम यांनी असाच अभ्यास केला. त्यात शेवट आधी कळलेल्या कथा वाचकांना कमी रंजक वाटल्या. तेव्हा हा निवाडा प्रयोगशाळेवर सोपवून चालणार नाही. कथेची जातच पाहावी लागेल. भरतमुनींनी नाट्यशास्त्रात कथेच्या अखेरच्या संधीत, म्हणजे निर्वहणात, अद्भुत रस असावा असे सांगितले आहे. प्रेक्षकाने शेवटी थक्क व्हावे, ही अपेक्षा आधुनिक नाही. आपल्याकडे ती फार जुनी आहे.

काही कथा तर अशा असतात की त्यांचा शेवट हाच त्यांचा माल असतो. अगाथा ख्रिस्ती यांचे 'द माउसट्रॅप' हे नाटक लंडनमध्ये २५ नोव्हेंबर १९५२ रोजी सुरू झाले. साथीच्या काळात २०२० मध्ये ते थांबले, २०२१ मध्ये पुन्हा सुरू झाले. प्रयोग संपला की प्रेक्षकांना विनंती केली जाते की हे रहस्य स्वतःपाशीच ठेवा. सात दशके लक्षावधी अनोळखी माणसांनी ही विनंती बहुतांशी पाळली. २०१० मध्ये विकिपीडियावरील लेखात खुन्याचे नाव दिल्यावरून लेखिकेच्या नातवाने जाहीर नाराजी व्यक्त केली, आणि तेव्हा नाटक अठ्ठावन्न वर्षांचे होते. फ्रेंच दिग्दर्शक क्लूझो यांच्या १९५५ सालच्या 'दियाबोलिक' या चित्रपटाच्या अखेरीस पडद्यावरच तशी विनंती झळकते. हिचकॉक यांनी १९६० मध्ये 'सायको'साठी याहून पुढे जाऊन नियमच केला, की खेळ सुरू झाल्यावर कोणालाही आत सोडायचे नाही.

हिंदीत बी. आर. चोप्रा यांनी १९६९ मध्ये 'इत्तेफाक' काढला. गाणी नाहीत, घटना जवळजवळ एका रात्रीतली. १९७३ चा त्यांचा 'धुंद' ख्रिस्तीबाईंच्याच एका नाटकावर आधारलेला. या चित्रपटांतून शेवट काढून टाकला तर उरते ते पुष्कळ असले, तरी दिग्दर्शकाने ज्या क्षणासाठी दोन तास रचना केली तो क्षण उरत नाही. दशावतारातील संकासुराचा वध आणि 'इत्तेफाक'ची अखेर ही एकाच मापाने मोजता येत नाहीत. पहिल्यात शेवट सर्वांच्या देखत मांडून ठेवलेला असतो; दुसऱ्यात तो बंद पाकिटात दिलेला असतो. एकाने पाकीट उघडले म्हणून दुसऱ्याचे पाकीट फोडण्याचा अधिकार त्याला मिळत नाही.

मग 'जुना' या शब्दाला काय अर्थ उरतो? व्यापारी घरांना मुदतीचा कायदा परिचित आहे. १९६३ च्या कायद्यानुसार विकलेल्या मालाच्या पैशासाठी साधारणतः तीन वर्षांच्या आत दावा करावा लागतो. त्यानंतर न्यायालय दाद देत नाही. पण उधारी मुदतबाह्य झाली म्हणून ती फिटली असे पेढीवरचा सचोटीचा माणूस मानत नाही. आजोबांच्या वहीत सापडलेली रक्कम नातवाने पोहोचती केल्याच्या हकिकती व्यापारी घरांत अभिमानाने सांगितल्या जातात. मुदत संपते ती दाव्याची. देण्याची मुदत संपत नाही. चित्रपटांनाही कायद्याने मुदत घातली आहे. प्रदर्शनाच्या पुढील वर्षापासून साठ वर्षांनी भारतात चित्रपटावरील स्वामित्वहक्क संपतो. म्हणजे 'श्यामची आई' आता कोणाच्याही खासगी मालकीचा नाही. परंतु स्वामित्वहक्क निर्मात्याचा असतो. शेवट स्वतःच्या डोळ्यांनी पाहण्याचा जो हक्क आहे तो प्रेक्षकाचा आहे, आणि तो प्रेक्षक दर वर्षी नवा जन्माला येतो. बारा वर्षांच्या मुलीसाठी १९६९ चा चित्रपट आज रात्री प्रदर्शित होत असतो.

आपल्या देशात तर एकच कथा एका भाषेत जुनी आणि दुसऱ्या भाषेत नवी असू शकते. २०१३ मध्ये मल्याळममध्ये आलेला 'दृश्यम' पुढील दोन वर्षांत कन्नड, तेलुगू आणि तमिळ प्रेक्षकांपुढे गेला. निशिकांत कामत यांनी दिग्दर्शित केलेला हिंदी 'दृश्यम' २०१५ मध्ये आला. त्याचे कथानक गोव्यात, म्हणजे सिंधुदुर्गच्या शेजारीच, घडते. कोचीच्या व्यापाऱ्याला जे दोन वर्षांपूर्वी ठाऊक झाले होते ते मालवणच्या व्यापाऱ्याला तेव्हा कळायचे होते. फोनवर मालाचे भाव बोलता बोलता त्याने सांगून टाकले असते तर? तसेच 'सैराट'चे. नागराज मंजुळे यांचा हा चित्रपट २९ एप्रिल २०१६ रोजी प्रदर्शित झाला, आणि पाहून आलेल्यांनी इतरांना 'शेवट विचारू नकोस, जाऊन पाहा' एवढेच सांगितले. २०१८ मध्ये त्यावरून 'धडक' हा हिंदी चित्रपट निघाला तेव्हा शेवट बदललेला होता. म्हणजे 'सैराट' पाहिलेल्याने 'धडक'चा शेवट सांगितला असता तर तो खोटा ठरला असता. ठाऊक आहे असे वाटणे आणि ठाऊक असणे यांत अंतर असते. जैन वाचकाला हे रामकथेवरूनही माहीत आहे. दशावतारात रावण रामाच्या हातून मरतो. विमलसूरींच्या 'पउमचरिय'मध्ये आणि त्या परंपरेतील रामकथांत तो लक्ष्मणाच्या हातून मरतो.

आता श्रावकाचाराकडे वळू. अणुव्रतांपैकी सत्याणुव्रताचे पाच अतिचार तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात सांगितले आहेत. त्यांत खोटा उपदेश करणे आणि खोटा दस्तऐवज लिहिणे हे आहेत, हे अपेक्षितच आहे. पण त्यांच्याच रांगेत रहोभ्याख्यान आहे, म्हणजे एकांतातली गोष्ट उघड करणे. उपासकदशांग या आगमातही रहस्य उघड करण्याचा समावेश याच व्रताच्या अतिचारांत आहे. येथे थोडे थांबून पाहण्यासारखे आहे. रहस्य फोडणारा माणूस खोटे बोलत नसतो. तो खरेच बोलत असतो. तरीही आचार्यांनी त्याचा दोष असत्याच्या खात्यात मांडला. आचार्य समंतभद्रांनी रत्नकरंड श्रावकाचारात आणखी स्पष्ट केले, की दुसऱ्यावर आपत्ती आणणारे सत्यही श्रावकाने बोलू नये. चित्रपटाचा शेवट कळल्याने कोणावर आपत्ती कोसळत नाही, हे उघड आहे. शास्त्रकारांपुढे पतिपत्नींची, मित्रांची, व्यवहारातली गुपिते होती. त्या मोठ्या दोषाचे नाव एका करमणुकीच्या चुकीला चिकटवणे योग्य होणार नाही. पण वाणीची सवय मोठ्या प्रसंगी एकदम तयार होत नाही. ती अशाच लहान प्रसंगी घडते. ज्याला खुन्याचे नाव पोटात ठेवता येत नाही, त्याला भागीदाराची अडचण, शेजाऱ्याच्या मुलीचे मोडलेले स्थळ, गिऱ्हाइकाची हलाखी पोटात ठेवता येईल काय?

याच पाच अतिचारांत न्यासापहारही आहे, म्हणजे विश्वासाने ठेवलेली ठेव बुडवणे. ठेवीचा शब्द व्यापारी घराला जवळचा आहे. ज्याने आधी पाहिले त्याच्यापाशी दुसऱ्याचे आश्चर्य ठेव म्हणून असते. ती मागितली गेली तर द्यावी, न मागता उधळू नये. काकांचा दोष एवढाच की त्यांनी ठेव न मागता मोडली. हेतू वाईट नव्हता. 'मला माहीत आहे' हे सांगण्याचा मोह फार मोठा असतो, आणि बहुधा तोच शेवट सांगवतो. त्या मोहाला मान कषायाचे नाव देता येईल. नाव न देताही तो ओळखता येईल.

तथापि या विचाराला दुसरी कड आहे, आणि ती अधिक महत्त्वाची आहे. मौन प्रत्येक वेळी पुण्याचे असतेच असे नाही. २००४ मध्ये प्रदर्शित झालेला संदीप सावंत यांचा 'श्वास' आठवावा. 'श्यामची आई'नंतर सुमारे पन्नास वर्षांनी मराठीला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याने मिळवून दिला आणि ऑस्करसाठी भारताची प्रवेशिका म्हणून तो गेला. कोकणातला एक आजोबा नातवाला डोळ्यांच्या उपचारासाठी शहरात आणतो. नातवाला कर्करोग आहे आणि शस्त्रक्रियेनंतर त्याला दिसणार नाही, हे चित्रपट अखेरपर्यंत लपवून ठेवत नाही. तेथे रहस्य नाही. आजोबा ते मुलाला कसे सांगणार आणि दृष्टी जाण्यापूर्वी त्याला काय काय दाखवणार, हीच कथा आहे. डॉक्टर मुलालाही सत्य कळले पाहिजे असा आग्रह धरतात. म्हणजे शेवट सांगावा की राखावा, हाच प्रश्न त्या चित्रपटाच्या पोटात आहे, आणि तेथे त्याचे उत्तर आहे : सांगावा, पण जपून, योग्य माणसाने, हात धरून.

आता कल्पना करावी की एखाद्या घरात लहान मुलावर मोठी शस्त्रक्रिया व्हायची आहे आणि कोणी सहज म्हणून 'श्वास' लावला. ज्याला कथा ठाऊक आहे त्याने तेथे गप्प बसणे ही सभ्यता होणार नाही. त्याने आईला बाजूला घेऊन सांगितले पाहिजे. ज्या घरात नुकताच मृत्यू झाला आहे, तेथे अपघाती मृत्यूने संपणारा चित्रपट लावण्यापूर्वी सांगितले पाहिजे. मुलांसोबत पाहायच्या चित्रपटात क्रूर हिंसा कोठे येते, ते आईवडिलांना आधी कळले पाहिजे. अहिंसेचे संस्कार जपणाऱ्या घराला तर ते कळण्याचा अधिकारच आहे. समंतभद्रांच्या वचनाची ही दुसरी बाजू आहे. सत्य बोलून आपत्ती येत असेल तर बोलू नये, आणि न बोलण्याने कोणी दुखावणार असेल तर बोलावे. निकष दोन्हीकडे एकच आहे, समोरच्या जीवाची पीडा.

चर्चेसाठीही शेवट लागतो. 'सैराट' समाजाविषयी जे म्हणतो ते त्याच्या अखेरच्या, पार्श्वसंगीत नसलेल्या मिनिटांत म्हणतो. विवाहाविषयी मुलांचे आणि वडीलधाऱ्यांचे मत जुळत नाही अशा किती तरी घरांत तो चित्रपट पाहून बोलण्यासारखे पुष्कळ आहे, आणि ते शेवट टाळून बोलता येणार नाही. पण असे बोलणे सर्वांनी पाहून झाल्यावरचे असते. तेथे कोणाची ठेव मोडत नाही. व्याख्यात्याने किंवा समीक्षकाने आरंभीच सूचना द्यावी. ज्याला ऐकायचे नाही त्याला उठून जाण्याची संधी मिळते.

हे सर्व पाहिल्यावर काका आणि पुतण्या दोघांचेही म्हणणे खरे ठरते, मात्र वेगवेगळ्या अपेक्षेने. अनेकांताचा अर्थ 'सगळेच बरोबर' असा सोयीस्कर लावला जातो, तो येथे उपयोगाचा नाही. कोणत्या अपेक्षेने काय खरे, ते सांगावे लागते. ज्या कथेचा रस वाटेवर आहे तिच्या अपेक्षेने शेवट सांगितल्याने बिघडत नाही. ज्या कथेचा रस उलगड्यात आहे तिच्या अपेक्षेने बिघडते. ऐकणाऱ्याला अपाय होण्याचा संभव असेल त्या अपेक्षेने सांगणे कर्तव्य होते. चित्रपटाचे वय या तिन्हींत कोठेच येत नाही. दिनदर्शिका पाहून हा निर्णय करता येत नाही. माणूस पाहून करावा लागतो.

आणि माणूस पाहण्याचा मार्ग सोपा आहे. 'तू हा पाहिला आहेस का? शेवट सांगू का?' एवढे दोन प्रश्न पुरतात. काकांनी चपला काढताना ते विचारले असते तर पुतण्या बहुधा म्हणाला असता, 'नको काका, तुम्हीही बसा.' मग काकांनाही एक लाभ झाला असता. दशावतार पाहणाऱ्या आजीला तो लाभ ठाऊक आहे. आपल्याला ठाऊक असलेली कथा पहिल्यांदाच पाहणाऱ्या मुलाशेजारी बसून पाहावी. पडद्यावरचे सारे आधी माहीत असते. मुलाच्या चेहऱ्यावर काय उमटेल ते मात्र माहीत नसते.